लग्नाचे ५० आणि सुट्टीचे १३

आमच्या लग्नाचे फोटो जेवढ्या लोकांनी बघितलेत त्याच्यापेक्षा जास्त लोकांनी आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट बघितलंय. व्हिसावाल्यांनी, विमानतळावरच्या इमिग्रेशनवाल्याने, पत्त्याची नोंद करणाऱ्या बाईंनी, बँकेने, इन्शुरन्सवाल्यांनी, दोन घरमालकांनी आणि एका जिमवाल्याने (कपल डिस्काउंट होता, शेवटी जॉइन केलंच नाही). प्रत्येकाने ते उजेडात धरून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग कॉम्प्युटरमध्ये काहीतरी टाइप केलं. लग्न लागत असताना सुद्धा आमच्याकडे इतकं निरखून कोणी बघितलं नव्हतं.

तर आधी थोडक्यात सांगून टाकतो. आम्ही दोघं एकाच युनिव्हर्सिटीत, एकाच बॅचला. शेवटच्या सेमिस्टरला तिला बाहेरच्या देशात नोकरी लागली, मला लागली नाही. लग्न करायचं होतंच, पण ते 'बघू दोनेक वर्षांनी' असं होतं, आणि ते दोनेक वर्षांचं एकदम दोन महिन्यांवर आलं कारण व्हिसाच्या फॉर्मवर 'पार्टनर' आणि 'स्पाउस' ह्या दोन चौकोनांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शेवटची परीक्षा, लग्न आणि विमान, सगळं मिळून अकरा आठवडे. लोक विचारतात लग्न कसं झालं, तर मला खरंच एवढंच आठवतं की मी त्या दिवशी पण कोणालातरी कोपऱ्यात घेऊन विचारत होतो की सर्टिफिकेट हातात यायला किती दिवस लागतात.

आणि मग ते अपोस्टिल. हा शब्द त्याआधी मी आयुष्यात ऐकला नव्हता, आता झोपेतून उठवून स्पेलिंग विचारलं तरी सांगेन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून पूर्वी शिक्क्यावर शिक्का, मग त्या शिक्क्यावर दूतावासाचा शिक्का असं चालायचं, ते सगळं टाळायला ५ ऑक्टोबर १९६१ ला हेगला एक करार झाला आणि त्यातून ही एक चौकोनी चिठ्ठी आली, बाजू कमीत कमी ९ सेंटीमीटर, आत नंबर घातलेले दहा मुद्दे, आणि वरचा मथळा फ्रेंचमध्येच. करार एवढा जुना, पण कॅनडात तो लागू झाला २०२४ च्या जानेवारीत आणि चीनमध्ये त्याच्या जेमतेम दोन महिने आधी. म्हणून म्हणतो, आधी गेलेल्या मित्रांचे सल्ले जरूर ऐका पण ते कुठल्या साली गेले होते ते पहिलं विचारा, आम्हाला एकाने इतक्या ठामपणे जुनी पद्धत सांगितली होती की आमचे चार दिवस त्यातच गेले.

ह्यातली गंमत अशी की अपोस्टिल कुठेही असं म्हणत नाही की ह्या दोघांचं लग्न झालंय. ते एवढंच म्हणतं की कागदावर ज्याने सही केलीये त्याची सही खरी आहे, त्याचं पद खरं आहे आणि शिक्का खरा आहे. आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हे वाचल्यावर मी बायकोला म्हटलं, अगं म्हणजे आपल्या लग्नाची गॅरंटी कोणीच देत नाहीये. ती म्हणाली, तू आधी झेरॉक्स काढून आण.

(झेरॉक्सवरून आठवलं, निघण्याआधी सर्टिफिकेटच्या जास्तीच्या अधिकृत प्रती काढून ठेवा, नुसत्या झेरॉक्स नाही. आणि पासपोर्ट, डिग्री, सर्टिफिकेट तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते अक्षर-अक्षर लावून बघा. माझ्या नावात एक 'ए' जास्तीचा पडला होता, त्या एका 'ए'पायी तीन चकरा.)

आता मुद्द्यावर येतो. तिथे राहायच्या परवान्याचं जे कार्ड मिळतं, त्यात तिच्या कार्डावर तिच्या नोकरीचा उल्लेख होता. माझ्या कार्डावर होतं 'डिपेंडंट'. म्हणजे अवलंबून असलेला. काल-परवापर्यंत आम्ही एकाच बाकावर बसून एकाच विषयाच्या नोट्स काढत होतो, आणि खरं सांगायचं तर दोन सेमिस्टर माझे मार्क जास्त होते, हे मी तिला पहिल्या तीन महिन्यांत किमान पाच वेळा ऐकवलंय, आता लाज वाटते.

ह्या एका शब्दाचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा. अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, गेलेल्याचा जोडीदार एच-४वर जातो आणि त्याला आपोआप काम करता येत नाही, २०१५ पासून त्यातल्या काही जणांना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्ड एका ठराविक टप्प्यावर आलंय त्यांना, वेगळी परवानगी मागता येते. तिथेच विद्यार्थ्याचा जोडीदार एफ-२वर असेल तर त्याला नोकरी नाहीच. जर्मनीत उलटं, जोडीदाराला सहसा पहिल्यापासून काम करता येतं. ब्रिटनने तर १ जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सला येणाऱ्यांना जोडीदार आणायलाच बंदी केली, रिसर्च डिग्री असेल तर चालतं. कॉलेज संपवून लग्न करून निघणाऱ्या जोडप्याने पगाराचा आकडा बघायच्या आधी हे बघायला पाहिजे, दुसऱ्याने तिथे काय करायचं. आम्ही बघितलं होतं, पण कसं, तर 'अर्ज करता येतो' एवढं वाचलं आणि खुश झालो. अर्ज करता येणं आणि परवानगी हातात येणं ह्याच्यामध्ये किती सोमवार येतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. आम्ही कुठल्या देशात आहोत ते जाऊ दे, त्याने काही फरक पडत नाही, माझे सोमवार एकूण त्रेपन्न झाले.

पहिला आठवडा मात्र भारी होता. शरीराचं घड्याळ साधारण एका दिवसाला एक टाइम झोन ह्या वेगाने सरकतं म्हणतात, त्यामुळे आम्ही दोघंही रोज पहाटे तीनला टक्क जागे. बाहेर अंधार, घरात सामान म्हणजे चार बॅगा आणि प्रत्येकीवर २३ किलोचा टॅग, आणि आम्ही जमिनीवर बसून गप्पा मारतोय. त्या तीन ते सहामध्ये आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नाआधीच्या चार वर्षांत बोललो नसू. आत्ता विचार केला की वाटतं, तो आठवडा एवढा चांगला का गेला, तर दोघंही सारखेच हरवलेले होतो. तिलाही रस्ता माहीत नाही, मलाही नाही. मग तिची नोकरी सुरू झाली आणि तिला रस्ता माहीत झाला.

त्यानंतरचा भाग म्हणजे बँक आणि घर. घरमालक म्हणतो बँकेचं खातं दाखवा, बँक म्हणते पत्त्याचा पुरावा दाखवा, पत्त्याची नोंद करणारं ऑफिस म्हणतं भाडेकरार दाखवा, आणि भाडेकरार देणार घरमालक. हे सगळ्यांचंच होतं आणि कुठेतरी कोणीतरी एक दयाळू माणूस भेटतो आणि ती साखळी तुटते, आम्हालाही भेटला. ह्यातून एकच शिकलो ते सांगतो, भाडेकरारावर, बँकेच्या खात्यावर आणि किमान एका बिलावर दोघांची नावं घाला, पहिल्या दिवसापासून. आम्ही घाईत सगळं तिच्या एकटीच्या नावावर केलं कारण पगार तिचा होता आणि फॉर्म छोटा पडत होता. मग सहा महिन्यांनी मला लायब्ररीचं कार्ड काढायचं होतं तर मी त्या शहरात राहतो ह्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. मी कुठे राहतो? तर बायकोकडे. पुरावा? सर्टिफिकेट. परत तेच सर्टिफिकेट, परत उजेडात धरून बघणं.

घरी आईचा फोन यायचा. "तू काय करतोस रे दिवसभर?" तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, खरंच काळजी होती, पण मी दर वेळी "अगं खूप कामं असतात" असं सांगायचो आणि मग ती कामं शोधायला लागायचो. बायकोच्या घरच्यांना काय सांगायचं हा अजून वेगळा प्रश्न. सासरे कधी काही बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "वाचन वगैरे चालू आहे ना?" त्या 'वगैरे'चा मी दोन दिवस विचार करत होतो.

संध्याकाळची मजा बघा. ती दिवसभर बोलून दमून यायची आणि मी दिवसभर न बोलून दमलेला असायचो. तिला दार उघडल्यावर अर्धा तास शांतता पाहिजे असायची, मला त्याच अर्ध्या तासात सकाळपासून साठलेलं सगळं बोलायचं असायचं. बसमध्ये काय दिसलं, शेजारच्याने काय नोटीस लावलीये, मी कुठला फॉर्म भरला. ती हो-हो करायची, मग मी म्हणायचो तुझं लक्ष नाहीये, मग ती म्हणायची आहे, मग मी विचारायचो सांग मी काय म्हटलं. अशी भांडणं सगळ्या जोडप्यांत होत असतील, पण इतर ठिकाणी भांडण झाल्यावर माणूस मित्राकडे जातो, भावाला फोन लावतो, चक्कर मारून येतो. इथे मित्र नाही, घरच्यांना सांगायची सोय नाही (काय सांगणार, तीन महिन्यांत भांडायला लागले?), आणि ते झोपलेले असायचे ते वेगळंच. माहेर तर दोघांनाही नाही. एका खोलीच्या घरात रुसून जायला एकच जागा, बाथरूम. मी एकदा तिथे चाळीस मिनिटं बसलो होतो, शेवटी तिला खरंच जायचं होतं म्हणून बाहेर यावं लागलं आणि भांडण तिथेच संपलं.

आता ते मार्कांचं प्रकरण. साधारण सातव्या महिन्यात तिच्या ऑफिसात नवीन देशातून आलेल्या लोकांसाठी एक सेशन झालं, तिथे तिला एक छापील कागद मिळाला. होम्स आणि रेही नावाच्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये केलेली यादी आहे, आयुष्यातल्या ४३ घटना आणि प्रत्येकीपुढे ताणाचे मार्क. जोडीदाराचा मृत्यू १००, तिथून खाली खाली. पाच हजारांवर पेशंट्सचे रेकॉर्ड बघून त्यांनी ताण आणि आजारपण ह्यांचा संबंध मांडला होता. गेल्या वर्षभरात जे जे झालं त्याची बेरीज करायची आणि ३०० च्या वर गेलं तर आजारी पडायची शक्यता बरीच वाढते असं म्हणतात.

ती मूडमध्ये होती, म्हणाली चल तुझा काढू. लग्न, ५०. हो, लग्न त्या यादीत सातव्या नंबरवर आहे, नोकरीवरून काढून टाकण्याच्या एक पायरी वर. आर्थिक परिस्थितीत बदल ३८. शिक्षण संपलं २६. जोडीदाराची नोकरी सुरू झाली २६. राहणीमानात बदल २५. सवयींत बदल २४. घर बदललं २०. करमणुकीत बदल १९. लोकांमध्ये मिसळण्यात बदल १८. झोपेत बदल १६. खाण्यात बदल १५. घरच्यांच्या गाठीभेटींत बदल १५. ती पेनाने टिका करत चालली होती आणि मला खोटं कशाला बोलू, मस्त वाटत होतं, कारण पहिल्यांदा कोणीतरी माझ्या न-केलेल्या कामाचे मार्क देत होतं. बेरीज आली २९२.

"अरे ८ साठी गेलं," ती म्हणाली. मग यादीच्या तळाशी बोट ठेवून, हसत, "थांब, सुट्टी आहे इथे, १३. तुझी तर सुट्टीच चालू आहे, घाल. झाले ३०५!"

ती गंमत करत होती. मला तेव्हाही कळत होतं की ती गंमत करतेय. पण मी उठलो, बूट घातले आणि बाहेर गेलो, आणि दोन तास चालत राहिलो, आणि त्या दोन तासांत मला कळलं की ह्या अख्ख्या शहरात मला ओळखणारं, माझं नाव नीट उच्चारता येणारं एकच माणूस आहे आणि मी आत्ता त्याच्यावरच चिडून बाहेर आलोय. परत येण्याशिवाय पर्यायच नव्हता. परत आलो तर ती दारातच उभी होती. सॉरी दोघांनीही म्हटलं, पण त्या रात्री आम्ही भांडणावर बोललो नाही, पैशांवर बोललो, कारण खरं दुखणं तिथे होतं. मला तिच्याकडे पैसे मागायला लागायचे. ती कधी नाही म्हणाली नाही, कशाला हवेत असंही विचारलं नाही, पण मागायला तर लागायचेच ना. दुसऱ्या दिवशी तिने एक सेटिंग करून टाकलं, दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात ठराविक रक्कम आपोआप. आकडा मोठा नव्हता. पण ज्या दिवशी मी न विचारता बसचा पास काढला आणि तिच्यासाठी फुलं आणली (तिच्याच पैशांची, ठीक आहे) त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी नीट झोपलो. अशा जोडप्यांना मला एकच गोष्ट सांगायची परवानगी दिली तर मी हीच सांगेन, दोघांपैकी ज्याला पगार नाही त्याला मागायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरं म्हणजे मी स्वतःचं एक माणूस शोधलं. तिच्या ऑफिसातल्यांशी ओळख होत होती, चांगले लोक आहेत, पण तिथे मी कायम 'तिचा नवरा' होतो. लायब्ररीत आठवड्यातून दोनदा भाषेचा फुकट वर्ग चालायचा, तिथे माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ बसायचे, मुलीकडे राहायला आलेले, म्हणजे तेही डिपेंडंटच. आम्हा दोघांनाही ती भाषा धड येत नव्हती त्यामुळे आम्ही फक्त वर्तमानकाळात बोलायचो. "मी आज बाजारात जातो." "छान. मी आज घरी बसतो." ह्या माणसाशी मी जितका हसलोय तितका इंजिनियरिंगच्या मित्रांशी हसलो नसेन. आणि संध्याकाळी ती घरी आली की माझं अर्धं बोलून झालेलं असायचं, तिला तिची अर्धा तास शांतता मिळायला लागली.

त्याच लायब्ररीत मी रिकामपणाचे उद्योग म्हणून ह्या विषयावर वाचायला लागलो. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या एका नॉर्वेजियन अभ्यासकाने अमेरिकेत जाऊन आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांना विचारलं होतं, तर त्यात असं निघालं की सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, अठरा महिन्यांच्या वर राहिलेले बरे होते, मधले सगळ्यात वाईट. म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख, आधी वर, मग खड्डा, मग परत वर. नंतरच्या लोकांनी त्याच्यावर बऱ्याच शंका काढल्यात, सगळ्यांचं तसं होत नाही, काही जण तर सुरुवातच खड्ड्यातून करतात. मी त्यातला. पण वाचताना मला वाटलं की हा आलेख एकट्या माणसाचा आहे. जोडप्याचे दोन असतात, आणि ते एकावर एक बसत नाहीत. मी तळाला होतो तेव्हा ती वर होती, नवीन टीम, नवीन प्रोजेक्ट, सगळं चकाचक. तिला माझा खड्डा दिसत होता पण वरून, आणि वरून सगळे खड्डे उथळच दिसतात. मला तिचा आनंद दिसत होता आणि तो मला माझ्यावरची टीका वाटत होता.

माझी परवानगी आली त्रेपन्नाव्या सोमवारच्या आठवड्यात. नोकरी त्यानंतर सहा आठवड्यांत लागली, फार ग्रेट नाही, शिकलो त्याच्याशी अर्धाच संबंध, पण सकाळी डबा घेऊन निघण्यात जे सुख आहे ते डबा घेऊन न निघालेल्यालाच कळेल.

आणि नेमकं तेव्हा तिचं सुरू झालं. आधी मला कळलंच नाही. रविवारी घरच्यांशी बोलून फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहायला लागली. मग एकदा तिच्या आजीला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, दोन दिवसांत घरी सोडलं, काही विशेष नव्हतं, पण आम्हाला ते घरी सोडल्यावर सांगितलं, 'उगाच काळजी नको' म्हणून. त्या दिवशी ती म्हणाली, "आता आपल्याला गोष्टी झाल्यावर कळणार, नाही का रे." मी नवीन नोकरीच्या धुंदीत होतो, मी म्हणालो अगं आजी बरी आहे ना, मग झालं तर. हे बोललो आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं की हे मी वरून बोलतोय.

म्हणून गप्प बसलो. वर्षभर घरी बसून मी जर कशात तरबेज झालो असेन तर ते गप्प बसण्यात. बराच वेळ आम्ही जमिनीवरच बसून होतो, आता घरात सोफा आहे तरी. मग ती उठली, ड्रॉवरमधून तो छापील कागद काढला, माझ्या जुन्या टिका अजून होत्याच त्याच्यावर, आणि म्हणाली, "माझा काढ ना."

मी पेन घेतलं. वरून सुरुवात केली आणि पहिल्या टिकेलाच अडलो. म्हटलं, "लग्नाचे ५० आता धरता येणार नाहीत. वर्षभरातलंच मोजायचं असतं, आपल्याला चौदा महिने झाले."

"राहू दे ते," ती म्हणाली. "माझं अजून चालू आहे."

मी ५० लिहिले. मग विचारलं, "आणि सुट्टीचे १३?"

पेनाचं टोपण माझ्या कपाळाला लागलं, ते अजून सोफ्याखाली आहे, काढायचं राहिलंय.